बाथरूममधील डार्करूम

लहान फ्लॅटमध्ये कृष्णधवल फोटोंच्या छपाईसाठी डार्करूम, म्हणजे अंधारी खोली, करायची तर बाथरूम निवडावे, कारण पाणी आणि निचरा तेथे आयताच मिळतो. खिडकीवर काळे रेक्झिन आणि दाराच्या फटींना जाड कापड लावल्यावर दिवा मालवून १० मिनिटे आत बसावे. डोळे सरावले की उजेडाच्या बारीक रेघा कोठून येतात ते आपोआप दिसते.

एन्लार्जर (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून फोटोपेपरवर पाडणारे यंत्र) कोरड्या बाजूला भक्कम स्टुलावर ठेवावा आणि ओला हात त्याच्या स्विचला कधीही लावू नये. जागा अरुंद असल्यास तीन ट्रे पायऱ्यांच्या मांडणीवर ठेवावेत: डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे रसायन) वर, स्टॉप बाथ (ती क्रिया थांबवणारे) मध्ये, फिक्सर (प्रतिमा पक्की करणारे) खाली, म्हणजे फिक्सरचा थेंब डेव्हलपरमध्ये पडून तो नासणार नाही.

सेफलाइटची, म्हणजे फोटोपेपर खराब न करता काम करण्यापुरता उजेड देणाऱ्या मंद रंगीत दिव्याची, परीक्षा मात्र कोणीही टाळू नये, असे मला मनापासून वाटते. त्या उजेडात फोटोपेपरच्या तुकड्यावर नाणे ५ मिनिटे ठेवून तो डेव्हलप करावा. करड्या कागदावर नाण्याचा पांढरा गोल उमटला, तर दिवा आणखी दूर न्यावा.

उन्हाळ्यात डेव्हलपर २० अंश सेल्सिअसवर राखण्यासाठी ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, म्हणून तो मोरीत न ओतता कॅनमध्ये साठवावा.