फ्लायबॅकचा कोअर गरम असताना तपासा

फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरचे (स्विचिंग पॉवर सप्लायमधला, कोअरमध्ये ऊर्जा साठवून पुढे देणारा ट्रान्सफॉर्मर) वेढे ठरवताना डेटाशीटमधला २५ अंशांचा सॅच्युरेशनचा (कोअरमध्ये आणखी चुंबकत्व मावत नाही त्या मर्यादेचा) आकडा धरू नका, १००चा धरा. पॉवर फेराइट, म्हणजे कोअरचं साहित्य, थंड असताना ०.४५ टेस्लाच्या पुढेही तग धरतं. तापलं की ०.३५ ते ०.४ च्या आसपासच मान टाकतं.

उदाहरण घ्या: इंडक्टन्स ५०० मायक्रोहेन्री, पीक करंट २ अँपिअर, ५० वेढे, कोअरचा छेद ५२ चौरस मिलिमीटर. कोअरमधला फ्लक्स (दर क्षेत्रफळामागचं चुंबकत्व) म्हणजे इंडक्टन्स आणि करंटचा गुणाकार, भागिले वेढे आणि छेदाचा गुणाकार. उत्तर जवळपास ०.३८ टेस्ला. टेबलावर छान चालेल, बंद डब्यात कोअर तापून तासाभराने मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारा स्विच) उडेल. वेढे ६५ केले की फ्लक्स ०.३ वर येतो. पण इंडक्टन्स तेवढाच ठेवायचा तर गॅपही (कोअरमधली फट) ०.३३ वरून ०.५५ मिलिमीटर करावी लागते, हे बरेच जण विसरतात. नुसती गॅप वाढवून, इंडक्टन्स घसरू देऊन काम भागत नाही. पीक करंट चढतो.

गॅपसाठी ई-कोअरच्या तिन्ही पायांत कागद घालत असाल तर त्याची जाडी हिशोबाच्या निम्मी ठेवा, कारण फ्लक्स ती फट दोनदा ओलांडतो. गॅपसाठी मधलाच पाय घासून आखूड केलेला असेल तर तांबं त्या फटीपासून जरा लांब गुंडाळा, नाहीतर नेमका तिथेच वेढा भाजतो.