पळस काळा की पांढरा? कृष्णधवल फिल्मवर रंगांचे करडे कसे साधावेत

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागेचा कृष्णधवल फोटो धुऊन आला की पहिली तक्रार ठरलेली: झाड दिसतंय, संत्री कुठं गेली? डोळ्याला केशरी आणि हिरव्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. फिल्मला मात्र कमी-जास्त उजेडच कळतो. उन्हात चकाकणारं पान आणि पिकलं फळ तिच्यावर सारखाच परिणाम करत असतील, तर दोघंही एकाच करड्या छटेत उतरतात. नंतर डार्करूममध्ये कॉन्ट्रास्ट कितीही वाढवा, एकदा सारखे झालेले करडे वेगळे होत नाहीत. म्हणून हा निर्णय शटर दाबण्याआधीच घ्यायचा.

१. हातात कोणती फिल्म आहे ते पाहा. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांना मुळात निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच जाणवतो. १८७३ मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं, की त्यात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर हिरवाही जाणवू लागतो. त्यातून पुढे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली. तिला निळा-हिरवा दिसतो, लाल दिसत नाही. पॅनक्रोमॅटिक फिल्मला सगळे रंग दिसतात. इलफर्ड एचपी५ प्लस, एफपी४ प्लस, कोडॅक ट्राय-एक्स या पॅन फिल्म आहेत, तर इलफर्ड ऑर्थो प्लस ही ऑर्थो. डब्यावर ‘ऑर्थो’ लिहिलेलं नसेल तर ती बहुधा पॅनच असते.

२. कोणते दोन रंग वेगळे दिसायला हवेत ते ठरवा. सगळे रंग एकाच वेळी सांभाळता येत नाहीत, एकच जोडी निवडा. फाल्गुनात धुऱ्यावर फुललेला पळस घ्या. ऑर्थोवर त्याची फुलं काळपट येतात. पॅनवर लाल फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची रंगीत काच, लावला तर पाकळ्या पांढऱ्याकडे झुकतात, देठाकडचा मखमली काळपट भाग मात्र गडदच राहतो, आणि त्यामुळे एकेक फूल सुटं दिसतं. मला हाच फोटो आवडतो. भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या जागेवर, मात्र लाल फिल्टर लावूच नका. लालभडक मिरची फिक्कट पडते आणि वाळल्या शेंगा पसरल्यागत वाटतं. तिथं हिरवा फिल्टर किंवा ऑर्थो फिल्म घ्या, मिरची गडद आणि वजनदार येते.

माणसांचं थोडं वेगळं आहे. ऑर्थोवर कातडी सावळी येते, सुरकुत्या ठळक होतात, कुंकू आणि लुगड्याचा लाल काठ काळे पडतात. पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या आजीच्या चेहऱ्याला हे शोभेलही. नवरीचा फोटो असा काढलात तर घरचे बोलतील. उलट लाल फिल्टरने ओठ आणि कुंकू जवळजवळ पुसले जातात. चेहऱ्यासाठी फिल्टर नको, फार तर पिवळा.

३. फिल्टर निवडा. नियम सोपा: फिल्टरच्या रंगाची वस्तू उजळते, विरुद्ध रंगाची गडद होते. संत्र्यासाठी नारिंगी फिल्टर: फळ उजळतं, पान दबतं. लावण्याआधी तो एका डोळ्यापुढे धरून झटकन पाहा. जास्त वेळ पाहिलं तर डोळा त्या रंगाला सरावतो आणि फरक कळेनासा होतो. ऑर्थो फिल्मवर लाल फिल्टर कधीच नको, जवळपास कोरी निगेटिव्ह हाती येईल.

४. एक्सपोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, वाढवा, कारण फिल्टर त्यातला काही अडवतो. एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं. पिवळ्याला साधारण १ स्टॉप, नारिंगीला २, गडद लालला ३. समजा ४०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा), कडक ऊन, शटर १/५००, छिद्र एफ १६ (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). पिवळ्याला एफ ११, नारिंगीला एफ ८, लालला एफ ५.६ करा. लेन्समधून उजेड मोजणाऱ्या कॅमेऱ्यात मीटर हे बऱ्याच अंशी आपोआप धरतं, पण लाल फिल्टरला ते हमखास बरोबर असतंच असं नाही. एक फ्रेम १ स्टॉप जास्त देऊन घ्या. आणि ऑर्थो प्लस दिवसा ८० आयएसओची असली तरी पिवळ्या बल्बच्या उजेडात ४० धरतात, कारण त्या उजेडात तिला दिसणारा निळा भाग कमी असतो. दिवेलागणीला अंगणात फोटो काढायचे असतील तर हे आधीच हिशेबात घ्या.

५. आकाश निळं आहे का ते बघा. आकाश निळं असेल तरच लाल-नारिंगी फिल्टर ते गडद करतो. पाऊस उघडल्यावर, कापसाची बोंडं फुटायच्या सुमारास, आकाश धुतलेलं निळं असतं. तेव्हा पांढरे ढग काळसर आकाशावर उठून येतात. मे महिन्यातल्या धुळकट पांढऱ्या आकाशावर कोणताच फिल्टर चालत नाही. तेव्हा क्षितिज फ्रेमच्या वरच्या कडेला ठेवा आणि खालची काळी जमीन जास्त घ्या.