जाम झालेला ब्रेक कॅलिपर घरी सोडवताय? या चुका टाळा

पाऊस सुरू होऊन आठवडा झाला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोणीतरी मला हमखास गाठतं. "काका, गाडी ओढत नाहीये." "काका, पुढचं डावं चाक तापतंय." मी आधी चाकाजवळ वाकून वास घेतो. जळक्या पॅडचा तो उग्र वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. गाड्या जुन्या, रविवारपुरत्या बाहेर पडणाऱ्या. वर मुंबईची खारी हवा आणि चार महिने ओल. कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा जबडा, धरून बसणारच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वैताग येतो तो मला बोलावण्याआधी मालकाने व्हिडिओ बघून जे करून ठेवलेलं असतं त्याचा.

दोषी कोण हे न बघताच कॅलिपर उतरवणं

तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाकडे वडिलांची जुनी झेन आहे. चाक जड फिरतं म्हणून हा पठ्ठ्या थेट कुर्ल्याला गेला, जुन्या बाजारातून कॅलिपर आणला आणि बसवला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. दुसरा आणला. तेव्हाही तेच. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, हल्ली माल चांगला मिळत नाही."

मी चाक उचललं, त्याला ब्रेक दाबून सोडायला सांगितला. चाक जाम. ब्लीडर निपल, म्हणजे कॅलिपरमधली हवा काढायचा स्क्रू, पाव फेरा सैल केला, पचकन थोडं तेल बाहेर आलं आणि चाक मोकळं फिरायला लागलं. म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, पिस्टन, अडकलेला नव्हताच, तेलाचा दाब आत कोंडला होता. पुन्हा ब्रेक मारून चाक जाम केलं आणि या वेळी कॅलिपरला तेल पोचवणारी रबरी नळी, म्हणजे होज, जिथे लोखंडी पाइपला जोडतो तिथला नट सैल केला. चाक हललं नाही. गुन्हेगार होज. तिथे नट सैल केल्यावर चाक सुटलं असतं, तर घोटाळा वर, पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे शोधावा लागला असता. आणि ब्लीडर उघडूनही चाक सुटत नसतं, तरच पिस्टन किंवा कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन धरलीय असं मी मानतो.

तो होज मी करवतीने उभा चिरून त्याच्या हातात दिला. बाहेरून काळाभोर, कुठे भेग नाही. आतलं रबर फुगून भोक पार मिटत आलेलं. पाय दाबला की त्या जोराने तेल आत घुसतं, परत यायला मात्र मागे तेवढा जोर नसतो. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी या मुलाने दोन कॅलिपर आणि तीन रविवार घातले. घाई, दुसरं काय.

हाताला लागेल ते ग्रीस

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एस्टीमच्या कॅलिपरच्या पिना धरत होत्या. कॅलिपर या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, म्हणून तर एकाच बाजूच्या पिस्टनने दोन्ही पॅड डिस्कला टेकतात. पिना काढल्या, पेट्रोलने धुतल्या, डब्यातलं नेहमीचं पिवळं चासी ग्रीस भरपूर चोपडलं आणि बसवल्या. हाताने ढकलल्या तर लोण्यासारख्या सरकत होत्या. स्वतःवर बेहद्द खूश.

दोन महिन्यांनी पुण्याहून येताना जुन्या रस्त्याने बोरघाट उतरत होतो. आधी वास आला, मग उजव्या चाकातून धूर, आणि एका वळणावर पेडल पायाखाली स्पंजासारखं मऊ लागलं. चाक इतकं तापलं होतं की तेलाला उकळी फुटून त्यात वाफ धरली होती. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक अलगद ओढत, खोपोलीपर्यंत आलो. आई मागच्या सीटवर स्तोत्र म्हणत होती. बायको एक शब्द बोलली नाही, ते जास्त लागलं.

घरी आल्यावर पिन उपटायला अर्धा तास गेला. तिच्या टोकावरचं रबरी बुश ग्रीस पिऊन जाडजूड झालं होतं आणि भोकात पाचरीसारखं रुतलं होतं. ब्रेकमधलं रबर ब्रेक ऑइल सोसतं. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस यांनी फुगतं. पिस्टनच्या सीलचंही तसंच. ते चौकोनी छेदाचं रबर ब्रेक दाबल्यावर किंचित पिळलं जातं आणि सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. पिस्टन मागे घेणारी स्प्रिंग डिस्क ब्रेकमध्ये नसते, जी काय ती ही पीळ. सील फुगलं की ती गेली.

तेव्हापासून पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ थर. पिस्टनला आणि सीलला फक्त नवं ब्रेक ऑइल. धुवायला ब्रेक क्लीनर. गंजलेल्या बोल्टवर डब्ल्यूडी-४० खुशाल मारा, रबराच्या आसपास नको. दोन्ही पिना सारख्या नसतात, बुशवाली कुठली वर होती आणि कुठली खाली हे काढतानाच लिहून ठेवा. मी फोटो काढत नाही, खडूने जमिनीवर लिहितो. वॉचमनला ते आवडत नाही.

बाकीच्या, पटापट

होज आधी सोडून मग पिस्टन कसा काढू, असं विचारत येणारे पुष्कळ. पिस्टन अडकलेला असेल तर कॅलिपर जोडलेला असतानाच समोर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू पेडल मारा, तेलाचा दाब त्याला बाहेर आणतो. टायरवाल्याकडच्या हवेने पिस्टन उडवू नका. बंदुकीसारखा सुटतो, आणि समोर बोटं असतात.

पिस्टन बाहेर आला की त्यावर नख फिरवा. खड्ड्यात नख अडकलं तर नवा घ्या, पॉलिश पेपर घासत बसू नका. सीलच्या खाचेत तपकिरी खवला साचतो आणि सीलला आतून पिस्टनवर रेटतो. तो काढल्याशिवाय नवं सील किट घालणं फुकट. मी बांबूची काडी तासून वापरतो, स्क्रू ड्रायव्हरने खाच ओरबाडते.

कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका. तारेने वर बांधा.

डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर ब्लीडर खाली येतो आणि हवा जन्मात निघत नाही. दोन्ही चाकं एकदम उघडायची नाहीत ती यासाठीच. एक बाजू बघायला शाबूत ठेवायची.

उघडून वर्षभर माळ्यावर ठेवलेली ब्रेक ऑइलची बाटली फेकून द्या. हे तेल हवेतली ओल शोषतं, आणि मुंबईत ओलीला तोटा नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. मी दर २ वर्षांनी सगळं बदलतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, शेजाऱ्याच्या बोनेटवर सांडलं तर त्याहून लगेच.

नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्याशी मी बोलत नाही. खाली स्टँड, मागच्या चाकांना दगड.

आणि सगळं झाल्यावर, गाडी सुरू करायच्या आधी, पेडल कडक लागेपर्यंत मारायचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले तीन-चार दाब पोकळच जातात. हे मला तोंडपाठ आहे, आणि तरीही एका संध्याकाळी काळोख पडत होता, पाऊस येईल असं वाटत होतं, म्हणून मी घाईघाईत चाक चढवलं, हत्यारं डिकीत टाकली आणि गाडी काढली. पाय थेट तळाला. गाडी संथपणे जाऊन वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली. तो नुकताच चहा आणायला उठला होता. नवी खुर्ची मी घेऊन दिली, पण अजूनही मी हत्यारं काढली की तो खुर्ची उचलून जिन्याखाली नेऊन ठेवतो.