कीबोर्डचा नाद: पहिला कसा घ्यावा, दुसरा कधी घ्यावा

माझा पहिला मेकॅनिकल कीबोर्ड निळ्या, म्हणजे टिचकी वाजवणाऱ्या स्विचचा होता. नाशकातल्या इंदिरानगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो अकरा रात्री टिकला. बाराव्या रात्री आईने आतून विचारलं, "तांबट लेनमध्ये कामाला लागलास का रे?" मी तो व्हिडिओतला आवाज ऐकून मागवला होता. व्हिडिओत माइक कीबोर्डला टेकलेला असतो. आपल्या घरात मात्र पत्र्याचं टेबल असतं आणि भिंतीपलीकडे झोपलेली माणसं असतात.

तेव्हा नाद लागलाच असेल तर लागू द्या, पण पैसे काढण्याआधी पुढचं एवढं करा.

आधी बोटांना विचारा

साध्या कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली रबराचा एकच पडदा असतो आणि कळ तळापर्यंत दाबावी लागते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. चेरी या जर्मन कंपनीचा एमएक्स स्विच 1980 च्या दशकातला, आणि आजचे बहुतेक स्विच त्याच घडणीचे. कळ साधारण 4 मिलिमीटर खाली जाते, अक्षर मात्र 2 मिलिमीटरवरच उमटतं. एमएक्सचं पेटंट संपल्यावर गॅटेरॉन, केल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले, म्हणून हा छंद आपल्या खिशाला परवडू लागला.

स्विचच्या रंगांची भाषा सोपी आहे. लाल सरळ खाली जातो, त्याला साधारण 45 ग्रॅमचा दाब पुरतो. तपकिरी मध्येच हलका अडखळतो, बोटाला उमटल्याची खूण मिळते. निळा अडखळतो आणि वर टिचकीही वाजवतो. काळा लालसारखाच, पण 60 ग्रॅमचा, जड. इतर रंगांवर मात्र विसंबू नका, कंपन्या मनाला येईल तो रंग देतात.

एम. जी. रोडवरच्या संगणकाच्या दुकानांत एखादा तरी कीबोर्ड मांडून ठेवलेला असतो. दोन अक्षरं दाबून परत येऊ नका, चार ओळी टाइप करा. दुकानात जमत नसेल तर नऊ-बारा स्विचची छोटी पट्टी मिळते, तिला स्विच टेस्टर म्हणतात. काहीशे रुपयांची ती पट्टी आठवडाभर टेबलावर ठेवा. पहिल्या दिवशी आवडलेला स्विच सातव्या दिवशी नकोसा होतो, हे मी स्वतःवर पाहिलंय.

इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कळमांडणीत मराठी टाइप करत असाल तर डी ही कळ मुद्दाम दाबून पाहा. पाय मोडायची खूण तिथे आहे, त्यामुळे जोडाक्षर आलं की डावं मधलं बोट तिकडे जातं. 'स्वातंत्र्य' एवढ्या एका शब्दात तीनदा. इंग्रजी टाइप करणाऱ्यांच्या सल्ल्यात हे कुठेच सापडणार नाही. माझ्या कीबोर्डवर फक्त डीखाली 35 ग्रॅमचा हलका स्विच आहे. बाकी सगळे 45 चे.

आकार आणि एक अट

जीएसटीची किंवा हिशेबाची कामं असतील तर अंकांच्या पॅडसह 104 कळांचा पूर्ण कीबोर्डच घ्या. नसतील तर अंकांचा पॅड नसलेला 87 कळांचा, किंवा त्याहून आटोपशीर, ज्याला 75 टक्क्यांचा म्हणतात तो. 61 कळांचा पिटुकला फोटोत गोड दिसतो, पण बाणांच्या कळा नसल्यामुळे मराठी मजकूर तपासताना जीव मेटाकुटीला येतो.

अट एकच: हॉट-स्वॅप हवा. म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून बदलता येतात. अडीच ते चार हजारांत असे कीबोर्ड मिळतात. सॉकेट तीन पिनांचं आहे की पाच पिनांचं, तेवढं विचारून घ्या. पाच पिनांच्या सॉकेटला दोन्ही प्रकार चालतात. तीन पिनांच्या सॉकेटसाठी पाच पिनांच्या स्विचचे प्लॅस्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने कापावे लागतात. दिव्यांच्या झगमगाटाचे जादा पैसे देऊ नका. आठवड्याभरात तुम्हीच ते बंद कराल.

आता खरी मजा

नवा कीबोर्ड आला की लगेच दुसरा शोधू नका, हाच सुधारा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर आवाज कशाने सुधारला ते कळत नाही.

सुरुवात बिनपैशाची: कीबोर्डखाली जाड कापड किंवा जुनी दुमडलेली सतरंजी घाला. निम्मा खणखणाट टेबलाचाच असतो.

मग स्पेसबार ऐका. स्पेस, एंटर, शिफ्ट या लांब कळांखाली तारेचा आधार असतो, स्टॅबिलायझर. स्वस्त कीबोर्डमध्ये ही तार कोरडीच बसवलेली असते आणि सुट्ट्या पैशांसारखी खुळखुळते. कॅप, म्हणजे कळीचं वरचं टोपण, काढा आणि तारेची टोकं जिथे प्लॅस्टिकमध्ये शिरतात तिथे डायइलेक्ट्रिक ग्रीस सढळ हाताने लावा. पंधरा मिनिटांचं काम, पण फरक इतका की कीबोर्ड बदलल्यासारखा वाटतो.

स्विचना वंगण घालणं हा पुढचा टप्पा. याला इतका वेळ लागतो की रविवार मोकळा ठेवा. चिमट्याने स्विच सरळ वर ओढा, तिरका नाही. स्विच उघडायच्या ओपनरने उघडा. चित्रकलेच्या दुकानातला शून्य नंबरचा ब्रश घ्या आणि क्रायटॉक्स 205 जी झिरो किंवा तशाच ग्रीसचा इतका पातळ थर द्या की नुसती ओल दिसावी. तो लावायचा खालच्या डबीच्या दोन्ही खाचांना, मधल्या दांड्याच्या बाजूंना आणि स्प्रिंगच्या टोकांना. तांब्याच्या पातीला शक्यतो लावू नका. स्विच तपकिरी असेल तर दांड्याचे पातीकडचे दोन पाय कोरडे ठेवा, नाहीतर अडखळणंच गायब होतं. निळ्याच्या वाटेला जाऊच नका, टिचकी मरते.

पहिले पाच स्विच करा, बसवा, ऐका; मग उरलेले ऐंशी. मी उलटं केलं होतं. सगळ्यांना जास्त ग्रीस बसलं आणि कळा चिखलातून वर आल्यासारख्या यायच्या. परत बसवताना पिना सरळ आहेत का ते उजेडात पाहा. वाकलेली पिन नुसत्या चिमट्याने सरळ होते, पण जोर लावून दाबली तर सॉकेटच उखडतं.

कॅपबद्दल थोडक्यात: एबीएस प्लॅस्टिक काही महिन्यांत बोटांनी तुकतुकीत होतं, पीबीटी खरखरीत राहतं आणि आवाजही जरा भारदस्त देतं. मराठी अक्षरांचे सेट सहसा मिळत नाहीत, स्टिकरवर भागवा.

दुसरा कधी?

पहिल्यावर निदान तीन महिने काम केल्यावर, आणि त्यात नेमकं काय कमी आहे ते एका वाक्यात सांगता आलं तर. परदेशी ग्रुप बायमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून आगाऊ मागणी नोंदवायच्या खरेदीत, मात्र एवढ्यात पडू नका. पैसे आधी द्यायचे, माल बनायला कित्येक महिने, कधी वर्षही, आणि वर कस्टम्स.

त्यापेक्षा भंगारवाल्याशी ओळख करा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ऑफिसं संगणक बदलतात तेव्हा जुने कीबोर्ड किलोवर जातात. त्यात टीव्हीएस गोल्ड शोधा. बँकांच्या आणि दुकानांच्या काउंटरवर वर्षानुवर्षं खडखडणारा तोच. जुन्या गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच सापडतात, पण आधी एक कॅप उपटून आत चेरीचं नाव आहे का ते बघा. कळीवर ₹ छापलेलं असेल तर तो 2010 चा किंवा नंतरचा, कारण चिन्हच त्या वर्षी आलं. आयबीएमचा मॉडेल एम, 1985 पासूनचा, हाती लागला तर घासाघीस न करता घ्या. त्याच्या कळीखालची स्प्रिंग वाकून टणकन वाजते. जुन्या गोल पिनांच्या कीबोर्डला यूएसबीत लावायला साधा जोड पुरेलच असं नाही, आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागू शकतो.

भंगारातला कीबोर्ड घरी आणला की आधी मांडणीचा फोटो काढा, मग सगळ्या कॅप कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा. नाशकातल्या पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही, दोन दिवस वाळवा. फोटोचं मी विसरलो होतो. एन आणि एमची अदलाबदल झाली, म्हणजे ल आणि सची. मला न बघता टाइप करायची सवय, त्यामुळे पत्ताच नाही. आईने स्टिकर बघून किराण्याची यादी केली आणि दुकानदाराचा फोन आला: सलूण म्हणजे काय?