सनस्क्रीनची ट्यूब मागून कशी वाचावी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागला की नागपुरात सनस्क्रीनची खरेदी जोरात होते. सीताबर्डीतल्या दुकानात उभं राहून आपण बघतो तो फक्त एसपीएफचा आकडा. पण ट्यूब एकदा उलटी करून बघा.

आधी आकडा. एसपीएफ मुख्यतः सूर्याच्या अतिनील किरणांपैकी त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांविषयी सांगतो. ३० एसपीएफ असेल तर यातले सुमारे ९७ टक्के किरण अडतात, ५० ला सुमारे ९८. म्हणजे ५० साठी दुप्पट पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. यूव्हीए किरण मात्र खोलवर जातात, डाग पाडतात आणि गाडीच्या बंद काचेतूनही येतात. त्यांच्यासाठी ‘पीए’पुढे तीन-चार अधिक चिन्हं आहेत का ते बघा.

मग घटक वाचा. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड आरशासारखे किरण परतवतात असं सर्रास सांगितलं जातं, पण बहुतांश किरण तेही शोषूनच घेतात. अ‍ॅवोबेन्झोन किरण शोषून त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडतं, पण उन्हात ते स्वतःच विघटित होत जातं. सोबत ऑक्टोक्रिलीन असेल तर जास्त टिकतं. चेहऱ्यावर वांग असेल तर आयर्न ऑक्साइडचं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण वांग साध्या उजेडानंही गडद होतो.

आता भीतीचा मुद्दा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या चाचणीत अ‍ॅवोबेन्झोन, ऑक्सीबेन्झोनसह चार घटक रक्तात ठरलेल्या पातळीहून जास्त सापडले. ही पातळी विषाची नव्हे, तिच्यापुढे आणखी तपासण्या हव्यात एवढंच ती सांगते. रक्तात सापडणं आणि अपाय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण अशा बातम्या वाचून लोक सनस्क्रीन लावणंच सोडतात. त्याच वर्षी त्या नियामकानं झिंक आणि टायटॅनियमची ही दोन ऑक्साइडं सुरक्षित मानावीत असं सुचवलं आणि बहुतेक इतर घटकांची अधिक माहिती मागवली. मनात धास्ती असेल, किंवा लहान मुलांसाठी हवं असेल, तर हीच दोन निवडा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीतच ठेवा.

आता लावायचं किती? प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून एसपीएफ मोजतात. आपण निम्मंही लावत नाही, मग छापलेलं संरक्षण मिळणार कुठून? चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा घ्या, बाहेर पडण्याच्या पंधरा मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा लावा. वरून सुती स्कार्फ बांधाच. आणि ट्यूब स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका, मे महिन्यातल्या त्या उष्णतेनं ती खराब होते.