पोर्ट वळवताना या चुका टाळा : पॅकेट कुठे अडलं ते आधी बघा

समजा, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना आहे. लिनक्सचा गेटवे (आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारं मशीन), आत १९२.१६८.१.२० वर स्टॉकचा सर्व्हर, पोर्ट ८०८०. चाटी गल्लीतल्या दुकानातून स्टॉक दिसावा म्हणून गेटवेच्या पोर्ट ८० वर आलेलं ट्रॅफिक आत वळवायचंय. नियम घातला, पान उघडत नाही, की लोक नियमावर नियम चढवत सुटतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. आयपीटेबल्समध्ये (लिनक्सची फायरवॉल) नॅट टेबलची, म्हणजे पत्ते बदलणाऱ्या नियमांची, यादी काउंटरसकट काढा, बाहेरून एकदा पान उघडून बघा आणि प्रीराउटिंगमधल्या (पॅकेट आत येताच लागणारी साखळी) आपल्या नियमाचा आकडा हलतो का ते पाहा. थोडाच वाढला तरी घाबरू नका, नॅट टेबलात कनेक्शनचं फक्त पहिलं पॅकेट मोजलं जातं.

आकडा हललाच नाही तर नियमातला इंटरफेस (नेटवर्कची बाजू) तपासा. पीपीपीओई जोडणीत (यूजरनेम-पासवर्डने चालणारं ब्रॉडबँड) बाहेरची बाजू पीपीपी० असते, ईथ० नव्हे. गेटवेचा वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग फायरवॉलमध्ये काहीही लिहा, बाहेरून आत येता येणार नाही. स्वतंत्र सार्वजनिक आयपीच घ्यावा लागतो, बहुधा स्टॅटिक (न बदलणारा). आणि गेटवेवरच बसून चाचणी करू नका, तिथून निघालेलं पॅकेट प्रीराउटिंगमधून जात नाही.

आकडा वाढतोय पण पान येत नाही? रीडायरेक्ट वापरलंय का बघा. ते गेटवेच्या स्वतःच्याच पोर्टवर वळवतं. दुसऱ्या मशीनसाठी डीनॅट (पॅकेट कुठे जायचं तो पत्ता बदलणं) लागतं आणि कर्नलमधलं आयपी फॉरवर्ड १ असावं लागतं. फॉरवर्ड साखळीत (गेटवेतून पुढे जाणाऱ्या पॅकेटचे नियम) ८० ला परवानगी देऊन उपयोग नाही. तिथे पोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो, म्हणून १९२.१६८.१.२० आणि ८०८० लिहा. सर्व्हरचा डिफॉल्ट गेटवे हाच लिनक्स हवा, नाहीतर उत्तर भलत्याच वाटेने जातं.

खरा घोळ होतो तो दुकानात चालतं आणि कारखान्यात चालत नाही तेव्हा. १९२.१६८.१.३५ वरच्या पीसीने सार्वजनिक आयपी टाकला. गेटवेने पॅकेट सर्व्हरकडे वळवलं, पण पाठवणारा आपल्याच नेटवर्कातला दिसल्याने सर्व्हरने परस्पर पीसीलाच उत्तर दिलं. पीसी वाट बघतोय सार्वजनिक आयपीच्या उत्तराची, म्हणून तो हे फेकून देतो. यासाठी पोस्टराउटिंगमध्ये (पॅकेट बाहेर पडताना लागणारी साखळी) १९२.१६८.१.०/२४ वरून, म्हणजे आतल्या नेटवर्कातून, सर्व्हरच्या ८०८० कडे जाणाऱ्या ट्रॅफिकला मास्करेड लावा, म्हणजे पाठवणारा गेटवेच दिसतो आणि उत्तर त्याच्याकडूनच परततं. डीनॅटचा नियमही इंटरफेसवर न बांधता सार्वजनिक आयपीवर बांधा, नाहीतर आतून आलेलं पॅकेट त्याला लागूच होत नाही.

नियम बदलूनही जुनंच वागणं दिसलं, तर कॉनट्रॅकमधली (चालू कनेक्शनची कर्नलमधली यादी) जुनी नोंद काढा. दुकानाला स्टॅटिक आयपी असेल तर फक्त त्यालाच परवानगी द्या, स्टॉकचं पान सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. हे नियम फक्त मेमरीत असतात, लाईट गेली की पुसले जातात. डेबियन-उबुंटूवर नेटफिल्टर-पर्सिस्टंटने सेव्ह करा आणि गेटवे एकदा रीस्टार्ट करून दुकानातून पान उघडतंय का ते बघा.