मुलांसाठी इतिहासाच्या गोष्टी निवडताना

घरी शिकणाऱ्या मुलांसाठी शूरवीरांच्या गोष्टींचे पुस्तक घेण्यापूर्वी त्यातील एक प्रसंग आपण स्वतः वाचावा. दादरच्या दुकानात उभ्याउभ्या दोन पाने चाळली, तरी लेखक गोष्ट सांगतो आहे की नुसती विशेषणे उधळतो आहे, हे लगेच कळते.

कसोटीसाठी सिंहगडाचा प्रसंग उत्तम. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता आणि म्हणूनच १६७० मध्ये तानाजी मालुसरे तो परत घेण्यासाठी गड चढले, हा संबंध जे पुस्तक उलगडून सांगते, ते निवडावे. घोरपडीची कथा असली तर हरकत नाही, मुलांना ती फार आवडते. मात्र ती दंतकथा आहे, असे तिथे स्पष्ट म्हटलेले असावे.

शत्रूला केवळ राक्षस ठरवणारी पुस्तके मी सरळ बाजूला ठेवते. लहानग्यांना सनावळी नको. तलवारीच्या कथांशेजारी, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर लोकांचा रोष सोसून शिकवत राहिलेल्या सावित्रीबाई फुले यांची गोष्टही हवीच. थोड्या मोठ्या मुलांसाठी नकाशे असलेले पुस्तक घ्यावे आणि वाचन झाल्यावर त्यांना फोर्टमधील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेऊन जुनी शस्त्रे व चिलखते दाखवावीत.